सूर्याची कॉफी

हेस्टवीक, आइसलंड
१६ नोव्हेंबर १९९२

ती. ब्रोनिया आत्यास,
येशूचं नाव घेऊन तुझ्या दोराचा शि. सा. न. वि. वि.

परवा सूर्य गेला. डोंगराच्या कडेवर जरासा टेकला, आमच्याकडे पाहिलं न पाहिलंसं केलं, आणि पलीकडे उतरला. आता जानेवारी संपत आला की येईल. तोवर दुपारी थोडा वेळ आभाळ निळसर होतं, बर्फही निळं होतं, रस्त्यावरची माणसंही निळी दिसतात, आणि मग सगळं पुन्हा मिटतं. हा माझा इथला दुसरा हिवाळा, त्यामुळे आता भीती वाटत नाही. झोपेत चालल्यासारखी कारखान्यात जाते आणि झोपेत चालल्यासारखी परत येते.

माझ्यापुरता सूर्य म्हणजे माझं टेबल. काचेचं आहे, खालून दिवा लावलेला. कॉड माशाचा तुकडा त्यावर ठेवला की आरपार दिसतो, आणि त्यातले किडे सुरीच्या टोकानं उचलायचे. दिवसभर तेवढंच काम. गावातल्या बायका सरकत्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला, जिथे ऊब असते, आणि आम्ही सात पोलिश बायका खालच्या टोकाला, दाराच्या वाऱ्यात. काल स्वप्न पडलं की त्या काचेवर मीच आडवी पडले आहे आणि तू सुरी घेऊन माझ्यातल्या काळज्या एकेक करून काढते आहेस. गुदगुल्या होत होत्या गं. हसतच जागी झाले, तर शेजारच्या पलंगावरची गेन्या म्हणाली की आता हिचंही डोकं गेलं.

गेल्या वर्षी एक गोष्ट तुला लिहायची राहिली. सूर्य परत येतो त्या दिवशी इथे 'सूर्याची कॉफी' असते. सूर्य खिंडीत दिसला की गावातल्या साऱ्या बायका हातमोजे काढून चर्चच्या रस्त्यावर पळतात, ऊन तोंडावर घेतात, आणि मग पातळ पॅनकेक आणि कॉफी. आम्ही सातजणी पट्ट्यावरच. मुकादम ओड्डूर म्हणाला की मासा थांबत नाही, कुणीतरी राहायलाच हवं, आणि तसंही गावातल्यांना हा सण आपापसातच करायला आवडतो. त्या परत आल्या तेव्हा त्यांचे गाल लाल होते. चहाच्या खोलीत झाकलेलं एक ताट ठेवलेलं होतं. ती गुडफिन्ना, सारखी मागे येऊन सगळं ठीक ना विचारणारी, तिनं बोटानं ताटाकडे दाखवलं. म्हणजे उरलंसुरलं आम्हाला! गेन्या म्हणाली की आपण काही कोंबड्या नाही. कुणी हात लावला नाही.

पण आत्या, या वर्षी मला तो सूर्य बघायचाच आहे. का कोण जाणे, पण दुसरं काहीच नको वाटतं.

गुडघ्याला चरबी चोळत जा. तुझी माया आहे तशीच राहू दे, इथे तिच्यावरच ऊब धरली आहे.
तुझी,
दोरा

---

लिपिन्का, काशुबिया, पोलंड
२९ नोव्हेंबर १९९२

चि. दोरास,
ब्रोनिया आत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. मी तुझ्या काळज्या काढत होते म्हणे! अगं, माझ्याच मला निस्तरता येत नाहीत. आणि तुझ्यातल्या काढायला बसले तर तो पट्टा संध्याकाळपर्यंत तुंबून राहील.

आता कान इकडे कर. ताटाला हात लावला नाहीत ते उत्तम केलंत. माझ्या हातची पोर आहेस. पण सूर्याचं खूळ डोक्यातून काढ. तुझा तिथला कामाचा परवाना त्या मुकादमाच्या सहीवर चालतो, हे तूच मला लिहिलं होतंस. सही फेब्रुवारीत व्हायची आणि तू जानेवारीत हातमोजे काढून पळणार? बाई गं! मी मासे डबाबंद करायच्या कारखान्यात तीस वर्षं हेरिंग भरली, ती मान खाली आणि हात चालू ठेवून. एकदाच तोंड उघडलं होतं, तर वर्षभर पिंपं धुवायला लावली. आणि ती गुडफिन्ना जी मागे उभी राहून ठीक ना विचारते, ती कोण असणार ते मला विचार. आमच्याकडेही होती तसली, साहेबाच्या कानाशी लागणारी. ठीक आहे म्हणायचं आणि सुरी चालवायची.

इथे कारखान्याला कुलूप लागलं ते लागलंच. फाटकात गवत माजलं आहे. मी उशिरापर्यंत पडून असते. स्वयंपाकघराचा पडदा ओढूनच ठेवते, नाहीतर शेजारची क्लेमेन्सोवा डोकावून बघते, की ब्रोनिया आज तरी कुठे कामावर निघाली का. तिच्या डोळ्यांना दुसरा धंदा नाही.

तू परत आलीस तर काय, दोघी मिळून पडद्यामागे बसू? म्हणून म्हणते, टिकून राहा.

लोकरीचे मोजे दोन घाल, एकावर एक. आशीर्वाद नेहमीचेच, पण या खेपेला जरा रागावून.
तुझी,
आत्या

---

हेस्टवीक
११ डिसेंबर १९९२

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. रागासकट आशीर्वाद मिळाले, दोन्ही घडी घालून उशीखाली ठेवले आहेत.

तुझं म्हणणं पटतं. दिवसा पटतं, म्हणजे दिवस जेवढा असतो तेवढा वेळ. मग झोपले की खिंडीतून कोणीतरी कंदील घेऊन उतरताना दिसतं. मी दार उघडायला जाते, तर हाताला हातमोजे चिकटलेले असतात, निघतच नाहीत.

गुडफिन्नानं परवा आम्हा प्रत्येकीला तिनं स्वतः विणलेले लोकरीचे पायमोजे दिले. तुझ्या पत्रातून ऐकल्यासारखे! गेन्या म्हणाली की बघ, आता तोंड उघडायला लावण्याचे डाव सुरू झाले. आम्ही आभार मानले, सगळं ठीक आहे असं एका सुरात म्हणालो, आणि ती गेल्यावर मोजे उलटेपालटे करून पाहिले. काही सापडलं नाही. फार ऊबदार आहेत, काय सांगू.

आणि हो, तिथल्यासारखंच इथेही पगारातून कामगार संघटनेची वर्गणी कापतात. पहिल्या दिवसापासून. आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तिकडे निदान वर्षाला एक कॅलेंडर आणि हिवाळ्याला पोतंभर बटाटे तरी मिळायचे, इथे तेही नाहीत. गेन्या म्हणते की बरंच आहे, बटाटे चौथ्या मजल्यावर कोण चढवणार. इथे तर आम्ही तळमजल्यावर राहतो.

ख्रिसमसला आम्ही सातजणी मिळून खसखशीचा केक करणार आहोत. खसखस गेन्याच्या बहिणीनं चहाच्या डब्यात घालून पाठवली.

तुझ्या प्रेमाची सवय झाली आहे, ती मोडू नकोस.
तुझी,
दोरा

---

लिपिन्का
२४ डिसेंबर १९९२

चि. दोरास,
सणाच्या दिवशीचे, म्हणजे दुप्पट अ. उ. आ.

टेबलावर पांढरा कपडा घातला, रीतीप्रमाणे त्याखाली वाळलं गवत पसरलं, बीटचं सूप चुलीवर आहे. पहिला तारा दिसल्याशिवाय जेवायचं नाही म्हणून बसले आहे, आणि आभाळ असं गच्च भरलेलं की तारा काय, क्लेमेन्सोवाचं धुराडंही दिसत नाही. तेव्हा रागवायला भरपूर वेळ आहे.

बावळट पोरी! वर्गणी कापतात आणि विचारलं नाही? अगं, मी तीस वर्षं वर्गणी भरली ती सरकारच्या संघटनेला. तिचा अध्यक्ष आणि कारखान्याचा साहेब एकाच मोटारीतून यायचे. त्या पैशाचं काय झालं हे विचारण्यात अर्थ नव्हता, आम्हाला ठाऊक होतं. पण मग तो ऐंशी सालचा उन्हाळा आला, आणि आम्ही आमची स्वतःची उभी केली. सरकारनं ती मोडून काढेपर्यंत, वर्षभर का होईना, दोरा, मी फाटकाशी ताठ उभी राहिले होते. तू लहान होतीस, माझ्यासाठी डब्यात लोणच्याच्या काकड्या घेऊन आली होतीस. त्या दिवसांत वर्गणी देताना मला अभिमानानं हात वर करावासा वाटायचा.

तुमची कुठल्या जातीची आहे, हे आधी शोधा. सरकारी असेल तर गप्प बसा. पण खरी असेल, तर दोन हिवाळे तुम्ही सात ढालगज बायका जेवणाचे पैसे भरून उपाशी बसला आहात! त्या मोजेवालीलाच विचार. हेर बायका मोजे विणत नाहीत गं. आमच्याकडची तर बटणसुद्धा लावून देत नव्हती.

आता काही तारा निघत नाही. निघाला असं धरून जेवते. तुझं ताट मांडलं आहे.

तुझ्यावर जीव आहे, म्हणूनच एवढी शाई.
तुझी,
आत्या

---

हेस्टवीक
८ जानेवारी १९९३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. आणि खाली वाकून एक जास्तीचा नमस्कार, कारण तू बरोबर होतीस.

विचारलं मी. गुडफिन्नाला चहाच्या खोलीत गाठलं. माझं आइसलंडिक म्हणजे मासा, सुरी, थंडी आणि धन्यवाद, बाकी हातवारे. मी पगाराच्या चिठ्ठीतली कापलेली ओळ दाखवली आणि विचारलं की हे कुणाला जातं. ती म्हणाली की आम्हालाच. म्हणजे तिला, मला, सगळ्यांना. आणि ती स्वतः पट्ट्यावरच्या बायकांनी निवडलेली प्रतिनिधी आहे, आम्हा सातजणींचीही. तेवढ्यासाठी ती दर आठवड्याला मागे येऊन विचारते. आम्ही दर आठवड्याला ठीक आहे म्हणतो. तिला वाटायचं, पोलिश बायका किती समाधानी!

मग मी त्या ताटाचं विचारलं. आत्या, ती मासे ठेवायच्या उलट्या टबावर मटकन बसली. उरलंसुरलं नव्हतं गं ते. तव्यावरचे पहिले पॅनकेक तिनं आमच्यासाठी काढून, झाकून ठेवले होते. ते तसेच पाहून तिला वाटलं की आम्हाला तिच्या हातचं चालत नाही. ओड्डूरनं तिला सांगितलं होतं की पोलिश बायका स्वतःच आत राहायचं म्हणतात, त्या वेळाचे त्यांना जास्त पैसे मिळतात. आम्हाला कसलं जास्त मिळतंय! आणि आम्हाला सांगितलं होतं की गावाला आम्ही नको आहोत. ती आधी हसली, मग डोळे पुसायला लागली, आणि मीही लागले, आणि दोघींच्या हातांना माशाचा वास, त्यामुळे डोळे आणखीच झोंबले.

ती म्हणते, सूर्याची सुट्टी करारात लिहिलेली आहे आणि वर्गणी भरणाऱ्या प्रत्येकीची आहे. पट्टा थांबेल. पण परवान्याचं विचारलं तेव्हा म्हणाली की ते तिच्या हातात नाही. परवाना कारखान्याच्या नावावर असतो, आमच्या नाही. मुकादम ज्यांची नावं पाठवेल त्यांचाच होतो, त्यात संघटनेचं काही चालत नाही.

गेन्या घाबरली आहे. तिचा मुलगा ग्दान्स्कला शिकतो. बाकीच्या म्हणतात, बघू. मला मात्र आत कुठेतरी हलकं हलकं वाटतंय. स्वप्नातला कंदीलवाला अगदी दारापाशी आला आहे. पण परवाना गेला तर काय, हे दिवसभर त्या काचेवर बघत असते, आणि ते कुठल्याच सुरीनं निघत नाही.

काय करू, ते लिही. माया असू दे.
तुझी,
दोरा

---

लिपिन्का
२१ जानेवारी १९९३

चि. दोरास,
घाईघाईचे अ. उ. आ.

जाऊ नकोस. माझं ऐक, त्या दिवशी पट्ट्यावरच राहा. सणाच्या दिवशी मला जुना वारा लागला आणि मी काहीबाही लिहिलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तुला पिंपं धुताना बघते, आणि पिंपं बर्फानं भरलेली. मी तेव्हा ताठ उभी राहिले, पण माझ्या पायाखाली माझी जमीन होती. साहेबानं फार तर पिंपांकडे पाठवलं, देशाबाहेर नाही. तुझ्या पायाखाली त्या माणसाची सही आहे.

सूर्य काय, पोरी, फेब्रुवारीत तो त्या कारखान्याच्या दारातही येईल. फुकट. तोवर मान खाली घाल. हे तुझ्या आत्यानं सांगितलं असं कुणाला सांगू नकोस, मला लाज वाटते आहे.

पोस्टमनच्या हातात देते आहे, तो पुढच्या गाडीनं पाठवतो म्हणाला. वेळेवर पोचू दे रे देवा.
तुझीच,
आत्या

---

हेस्टवीक
२८ जानेवारी १९९३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. तुझं उत्तर अजून आलं नाही. वादळामुळे टपालाचं विमान उतरलेलं नाही. त्यामुळे मी आपली माझ्याच डोक्यानं वागले.

पंचवीस तारखेला पट्टा थांबला. आम्ही सातजणीही गेलो. ओड्डूर दारात हाताची घडी घालून उभा होता. चर्चच्या रस्त्यावर सगळं गाव माना वर करून उभं, आणि खिंडीत ढग. राखाडी, गच्च, तुझ्या ख्रिसमसच्या आभाळासारखा. वेळ संपली, परतलो. ओड्डूर म्हणाला की पाहिलात ना सूर्य, झालं समाधान. इथली पद्धत अशी की दिसला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. पण त्यानं आम्हाला बजावलं की एकदा झालं तेवढं पुरे, उद्या जी पट्टा सोडेल ती त्याच्या लक्षात राहील.

दुसऱ्या दिवशी वेळ झाली. गावातल्या बायका निघाल्या. गेन्यानं मान वर केली नाही, आणि तिचं काही चुकलं नाही. माझ्या टेबलावर एक तुकडा होता, स्वच्छ, एकही किडा नसलेला, आरपार उजळलेला. मी त्याच्याकडे पाहत होते आणि मला वाटलं, हा दिवा आहे. मी दोन वर्षं दिव्यालाच सूर्य म्हणत आले आहे. मग हातमोजे काढले. सहज निघाले गं, स्वप्नातल्यासारखे चिकटले नाहीत.

दारापाशी पोचले तेव्हा मागे पट्ट्याचा आवाज बंद झाला. गुडफिन्नानं लाल बटण दाबलं होतं आणि बटणाला पाठ लावून उभी होती, पेटीसारखी चौकोनी. मग सगळ्याच आल्या. गेन्या सगळ्यात शेवटी, डोक्याला रुमाल बांधत, पुटपुटत.

कसा होता ते कसं लिहू? आधी चर्चचा मनोरा सोनेरी झाला. मग एकेक छप्पर. मग ते ऊन बर्फावरून आमच्याकडे चालत आलं, अगदी सावकाश, आणि माझ्या बुटांवर चढलं. तोंडावर आलं तेव्हा मी डोळे मिटले, आणि आत सगळं लाल झालं, तुझ्या बीटच्या सुपासारखं. क्षणभर कळेना मी कुठे आहे, मी कुणाची कोण आहे. बरं वाटलं ते. डोळे उघडले तर माझी सावली पडलेली होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा. गुडफिन्नाची तिच्या शेजारी, तेवढीच लांब.

पॅनकेक आम्ही एवढे खाल्ले की तिला आणखी करावे लागले. गेन्यानं तिला आपल्या खसखशीच्या केकचा शेवटचा तुकडा दिला, जो ती कुणालाच देत नव्हती.

आता काय व्हायचं ते होवो. तुझ्या डोळ्यांवरूनही ते ऊन गेलं असं समज.
तुझी,
दोरा

---

हेस्टवीक
२० फेब्रुवारी १९९३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं जाऊ नकोसचं पत्र सूर्याच्या नंतर आलं. ते वादळ देवानंच धाडलं होतं बहुतेक. तू मुळीच लाजू नकोस. मी ते कुणाला दाखवलेलं नाही.

ओड्डूरनं सहा नावं पाठवली. माझं नाही. मासा कमी आहे म्हणतो. गुडफिन्ना त्याच्या खोलीत जाऊन बराच वेळ ओरडली, भिंतीतून ऐकू येत होतं, पण कागद त्याच्याच हातात. संघटनेनं लिहून घेतलं आहे की पुढच्या जानेवारीपासून पट्टा सगळ्यांसाठी थांबेल, न विचारता. गेन्या आणि बाकीच्या दर वर्षी बाहेर उभ्या राहतील. मी ते बघायला नसेन, एवढंच मला लागतं आत्या, फार लागतं. खोटं कशाला बोलू, दोन रात्री रडले.

गुडफिन्ना शाळेच्या स्वयंपाकघरासाठी माझ्या नावानं नवा अर्ज करायला लावते आहे. पण तो पोलंडात राहूनच करावा लागतो, आणि कधी लागेल, लागेल की नाही, कुणाला माहीत. मार्चच्या मध्याला निघते. येऊन काय करणार, ते मला माहीत नाही. तू म्हणाली होतीस तसं, दोघी पडद्यामागे बसू.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी जेवायला घाल.
तुझी,
दोरा

---

लिपिन्का
५ मार्च १९९३

चि. दोरास,
पोटभर अ. उ. आ.

तुझी दोन्ही पत्रं क्लेमेन्सोवाला वाचून दाखवली. हो, तिलाच! सूर्य बुटांवर चढला तिथे ती रडायला लागली आणि मुकादमाच्या नावानं असं काही बोलली की मला पाद्रीबाबांची आठवण झाली. तुझ्या परवान्याबद्दल मला किती वाईट वाटलं ते लिहीत बसत नाही. माझ्याच शाईनं तुला तिथे उभी केली आणि मग माझीच छाती फाटली. तू गेलीस ते बरं केलंस. माझं पत्र उशिरा पोचलं त्याबद्दल त्या विमानाला माझा नमस्कार सांग.

आता एक गंमत ऐक. तुझं सूर्याचं पत्र वाचलं त्याच्या दुसऱ्या सकाळी उठले, आणि म्हटलं, बघू तरी. स्वयंपाकघराचा पडदा बाजूला सारला. तर ऊन आत आलं की गं! सरळ टेबलावर, साखरेच्या भांड्यापर्यंत. मी या घरात सारा जन्म काढला, आणि मला ठाऊकच नव्हतं. कसं असणार? तीस हिवाळे अंधारात बाहेर पडायचे आणि त्या वेळी हेरिंग भरत असायचे, रविवारी प्रार्थनेला. आणि कारखाना बंद झाल्यावर मी स्वतःच पडदा ओढून बसले, लोकांना दिसू नये म्हणून. माझ्याच घरात रोज सूर्य यायचा, आणि मी कामावर असायचे किंवा लाजेत.

त्या उन्हात दोन्ही हात ठेवून बसले, वेड्यासारखी. कॉफी गार झाली. क्लेमेन्सोवानं खिडकीतून पाहिलं, तर मी तिला आतच बोलावलं.

ते पातळ पॅनकेक कसे करतात ते गुडफिन्नाकडून नीट विचारून ये. तिला म्हणावं, तुझे पहिले पॅनकेक मीच नको म्हणायला शिकवलं होतं, माफ कर. अर्ज इथूनच करू, दोघी बसून, या टेबलावर. लागला तर जा, नाही लागला तर बघू.

पडदा काढून धुवायला टाकला आहे, परत लावणार नाही. तुझी खुर्ची खिडकीकडे वळवून ठेवली आहे. ऊन आठच्या सुमाराला येतं. लवकर ये.
तुझी,
आत्या